खोक्याखालचं कलांचो

वर्ध्याच्या कॉलेजातलं माझं कंत्राट संपलं, त्या दिवशी मी अल्लीपूरच्या एसटीत मांडीवर कुंडी घेऊन बसले होते. कंडक्टरने विचारलं, कोरफड आहे का. मी नाही म्हटलं. मग काय आहे म्हणाला, तर मी म्हटलं, कलांचो. त्याने कुंडी पायाशी ठेवायला सांगितली. मी ठेवली नाही. पुढे वर्षभर त्या झाडापायी मी जे वागले, त्याची सुरुवात तिथूनच झाली म्हणायला हरकत नाही.

कलांचो हे पानफुटीच्या भावकीतलं झाड. वीतभर उंच, गुबगुबीत पानांचं. पान मोडलं तर आतून पाणी सुटतं. आमच्या वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेच्या खिडकीत ते असायचं. मी तिथे दोन वर्षं सहायक होते. काचपट्ट्या धुणं, सूक्ष्मदर्शकं पुसणं, मुलांच्या प्रात्यक्षिकांची मांडामांड करणं हे माझं काम. शेवटच्या दिवशी तिथल्या मॅडमनी ती कुंडी माझ्या हातात दिली. फुलं झडून गेली होती, वाळके तुरे उभे होते. त्या म्हणाल्या, लोक हे झाड फुललेलं विकत आणतात आणि फुलं गेली की फेकून देतात. पुन्हा फुलवायचं कोणी मनावर घेत नाही. तू घे. सोबत त्यांनी आपलं एक जुनं भिंग दिलं.

आमच्या घरात माझ्याआधी बारावीच्या पुढे कोणी गेलं नव्हतं. बाबा चौथी शिकले. आई सही करते, पण आधी बोट फिरवून जागा बघते. कॉलेजची तीन वर्षं बाबांनी मला रोज सकाळी फाट्यापर्यंत सायकलवर सोडलं, कॅरिअरवर वांग्यांची पाटी असेल तर ती पुढे दांडीवर घेऊन. आई पहाटे उठून माझा डबा करायची आणि मग शेतात भाजी खुडायला जायची. हे मी आधीच लिहून ठेवते, कारण पुढे मी या दोघांशीही भांडले आहे, आणि त्या भांडणांत मी त्यांचं काही विसरले होते असं कोणाला वाटू नये.

गावात परतल्यावर दोन महिन्यांत मला नवीन नाव मिळालं. शिकून घरी बसलेली. दळणाच्या चक्कीवर, दवाखान्याच्या रांगेत, सगळीकडे तोच प्रश्न, लागलं का कुठे. मी समाजमंदिरात नववी-दहावीची शिकवणी सुरू केली, संध्याकाळी साडेपाच ते आठ. पण माझ्या डोक्यात वेगळंच होतं. वर्ध्याच्या नर्सऱ्यांमध्ये ही जाड पानांची झाडं लांबून ट्रकने येतात हे मी पाहिलं होतं. आमच्या विहिरीजवळ सहा वाफे आहेत. घरातली सगळ्यांत चांगली काळी माती, पाटाचं पाणी पहिल्यांदा तिथेच वळतं. त्या वाफ्यांत मला ही झाडं वाढवायची होती.

आषाढात एका सकाळी बाबा बाजारासाठी दोडके भरत होते, तेव्हा मी विचारलं. त्यांनी मान वर केली नाही.

"खाता येते का ते?"

"नाई."

"औषधाले?"

"नाई."

"मंग काय करते ते झाड?"

"फुलते."

बाबांनी एक दोडका उचलून वाकडा आहे का पाहिला आणि बाजूला टाकला. "तुह्यं तं फुललं नाई अजून. आणून चार महिने झाले. मले पानं सोडून काई दिसलं नाई."

ते चिडून बोलत नव्हते. भाजीवाल्याच्या घरात प्रत्येक झाडाला हाच प्रश्न विचारला जातो, आणि भेंडी असो की पालक, प्रत्येकाला वेळेत उत्तर द्यावं लागतं. मी म्हटलं, फुलवून दाखवते. तेव्हा बाबांनी हात झटकले आणि बोली लावली.

"दिवाळीपर्यंत फुलव. घरात. बाहेर तं धोत्राही फुलते. घरात फुललं तं साही वाफे तुहे. नाई फुललं तं मी तिथं सांबार टाकतो, अन् मंग वाफ्याचं नाव काढाचं नाई."

सांबार म्हणजे आमच्याकडची कोथिंबीर. शेजारच्या घरात राहणारा माझा काका तेव्हा हौदावर हात धूत होता. तो ओल्या हातानेच म्हणाला, "मी हाय साक्षीले."

झाड कसं फुलवायचं ते मॅडमनी मला नीट सांगितलं होतं. कलांचो रात्र मोजतं. रात्र लांब झाली, की आता थंडी आली असं ते धरतं आणि कळ्या काढतं. बाहेर हिवाळ्यात ते आपोआप होतं. घरात रात्री दहापर्यंत दिवे असतात, म्हणून घरातल्या झाडाची रात्र कधी पुरीच होत नाही. तिला आपण लांब करायची. रोज चौदा तास पूर्ण अंधार, दीड महिना, एकही दिवस न चुकता. बाकीच्या वेळी खिडकीतला भरपूर उजेड. पाणी अगदी कमी. त्यानंतर कळ्या दिसतात आणि उमलायला आणखी काही आठवडे लागतात.

मी बोटांवर दिवस मोजले. नागपंचमीला सुरुवात केली तर दिवाळीला फुलं निघत होती.

किराणा दुकानातून बिस्किटांचा मोठा खोका आणला. सांध्यांवर काळी चिकटपट्टी लावली, आतून जुन्या छत्रीचं कापड डकवलं. पूर्वेच्या खोलीच्या खिडकीत कुंडी, संध्याकाळी पाच वाजता वरून खोका उलटा, सकाळी सातला काढायचा. पाच वाजता खोका ठेवला की मी तोंड धुऊन शिकवणीला जायची. आईने पहिल्या दिवशी विचारलं, हे काय करून राह्यली. मी म्हटलं, त्याले अंधार लागते. ती बरं म्हणाली आणि चुलीकडे गेली.

काकाला मात्र विषय मिळाला. आमच्याकडे संध्याकाळी कोंबड्या डाल्याखाली झाकतात. दुसऱ्याच दिवशी त्याने अंगणातून आवाज दिला, "झाकली का व कोंबडी? पाय बरं, सकायी अंडं देईन." आठवडाभरात ते गावभर झालं. शिकवणीला जाताना बाया विचारायच्या, डालं टाकलं का झाडावर. मी टाकलं म्हणायची आणि पुढे जायची. एकदा एकीने विचारलं, कॉलेजात हेच शिकवते का. मी म्हटलं, हो, हेच शिकवतात. त्या उत्तराची मला अजूनही लाज वाटत नाही.

रोज सकाळी मी भिंग घेऊन शेंडे पाहायची. पहिले तीन आठवडे काही दिसणार नव्हतंच. चौथ्या आठवड्यात दिसेल वाटलं. पाचव्यात मी पाणी आणखी कमी केलं. चुलीतली राख चिमूटभर घातली. खोक्याला कुठे भोक राहिलं का म्हणून भरदुपारी उन्हात तो डोक्यावर घालून उभी राहिले, आणि काकाने ते पाहिलं. त्याबद्दल मी इथे लिहीत नाही. आत मात्र काळाकुट्ट अंधार होता. खोक्याचा दोष नव्हता.

सहा आठवडे पूर्ण झाले आणि झाडाने काय दिलं, तर नवी पानं. मोठी, चकचकीत, खुशालचेंडू पानं. एकही कळी नाही.

मी मॅडमना फोन केला. त्यांनी एकच विचारलं, मधे उजेड लागतो का कधी. मी छातीवर हात ठेवून सांगितलं, नाही.

देवीच्या मंडळाची बैठक होती म्हणून त्या आठवड्यात एक दिवस समाजमंदिर लवकर खाली करावं लागलं. मी सात वाजता घरी आले. पूर्वेच्या खोलीत ट्यूबलाइट लख्ख लागलेला. माझा खोका खाटेवर ठेवलेला. खिडकीत कलांचो उघडं, कुंडीला कुंकवाचं बोट, समोर पणती. आणि शेजारी आई बसून वालाच्या शेंगा सोलत होती.

मी दारातच उभी राहिले.

"हे काऊन उघडलं?"

"दिवेलागण झाली ना."

"मंग?"

"मंग काय? दिवेलागणीले कोणी अंधारात राह्यते का? घरातल्या साऱ्या खोल्याईत लाइट लावतो, तुयशीले दिवा दाखवतो, गोठ्यात ढोराईले दाखवतो. याले एकट्याले अंधारात ठेवू काय?" तिने शेंग मोडली. "तू यायच्या आंधी पुन्हा ठेवून देतो. तुहा खोका मोडला नाई मी."

"रोज?"

"नागपंचमीपासून."

दीड महिना. मी रोज पाचला रात्र सुरू करत होते आणि आई रोज पावणेसातला ती मोडत होती, सव्वा तास ट्यूबलाइटखाली झाडाशेजारी बसून. मी मोठ्याने बोलले. इतक्या मोठ्याने मी आईशी आधी कधी बोलले नव्हते. शेवटी म्हणाले, तुले काई समजत नाई.

आईने शेंगांची परात खाली ठेवली.

"नाई समजत. पण तू सांगतलं कुठी?"

एवढंच म्हणून तिने पणती उचलली, पदराने कुंडीवरचं कुंकू पुसलं आणि खोका झाडावर ठेवून ती स्वयंपाकघरात गेली.

मी खाटेवर बसून राहिले. दोन वर्षं मी दुसऱ्यांच्या मुलांसमोर प्रात्यक्षिकाचं सामान मांडलं होतं. मॅडम शिकवायच्या तेव्हा मागे उभी राहून मीही सगळं पाठ केलं होतं, कोणी अडखळला तर हळूच सांगायची. आणि जिने पहाटे उठून मला त्या प्रयोगशाळेपर्यंत पोचवलं, तिला मी तीन शब्द सांगितले होते. त्याले अंधार लागते. बस. तिला कळणार नाही असं मी धरूनच चालले होते. तुला काय येतं, असं गावातल्या बाया मला हसून सुचवायच्या, त्याचा मला राग होता. मी आईला न बोलता तेच म्हणत होते.

आणखी एक गोष्ट बसल्या बसल्या लक्षात आली. त्या झाडाला घरात जागा दिली होती ती एकट्या आईने. बाबा त्याच्याकडे बघत नव्हते, काका हसत होता, मी तर त्याला पणाला लावून बसले होते. आई त्याला दिवा दाखवत होती.

दुसऱ्या दिवशी मळ्यात पालक खुडताना मी तिला सगळं सांगितलं. झाड रात्र कसं मोजतं, मधे उजेड आला की त्याची मोजणी कशी मोडते आणि पुन्हा पहिल्यापासून कशी सुरू होते. आई खुडत खुडत ऐकत होती. मग म्हणाली, कोंबड्याचंही तसंच असते, गोठ्यात मधेच बल्ब लावला तं तो भलत्या वेळी आरवते. मी म्हटलं, हो, तसंच समज. तिने दोन जुड्या बांधल्या.

"मंग असं करू," ती म्हणाली. "पाच वाजता आंधी मी त्याले दिवा दाखवतो. मंग तू झाक. झाकाचंच हाय तं दिवा पाहू दे अन् मंग झाक."

तिने तिचा नियम मोडला नाही आणि माझाही मोडू दिला नाही. मी इतकी शिकले, पण मला हे सुचलं नव्हतं. त्याच संध्याकाळी आम्ही दोघींनी नव्याने सुरुवात केली. दिवाळीला सहा आठवडेही उरले नव्हते. बोली हरणार हे मला तेव्हाच कळलं. मी खोका तरीही ठेवला.

त्याच आठवड्यात दुसरी एक गोष्ट घडली. फाट्याजवळ आमचा एक तुकडा आहे, त्यात सोयाबीन असतं. दोन वर्षांपूर्वी ग्रामपंचायतीने तिथे वळणावर उंच खांबाचा मोठा दिवा लावला. तेव्हापासून त्या कोपऱ्यातलं सोयाबीन बिघडलं होतं. बाकीचं पिवळं पडून शेंगांनी लटकलेलं असताना तेवढा कोपरा हिरवागार, गुडघ्याच्या वर, आणि शेंगा नावाला. बाबांनी पहिल्या साली बियाण्याला दोष दिला, दुसऱ्या साली बियाणं बदललं. मग कोणीतरी नजरेचं सांगितलं, तर बांधावर काळी बाहुलीही टांगली. समाजमंदिर फाट्याच्याच अंगाला, म्हणून शिकवणीवरून येताना मी रोज तिथून जात होते. त्या दिवशी थांबले. दिवा लागलेला होता आणि त्याचा उजेड जिथपर्यंत पडत होता, तिथपर्यंतच सोयाबीन हिरवं होतं. जणू कोणी वाटोळी रेघ ओढून दिली होती.

दीड महिना मी खोक्यात भोक शोधत होते, आणि हे रोज माझ्या डोळ्यांसमोर होतं.

घरी आल्याबरोबर बाबांना सांगितलं, खांबाखालच्या सोयाबीनची रात्र मोडते म्हणून ते फुलावर येत नाही. बाबा जेवत होते. "खांब काय करते सोयाबीनले?" ते म्हणाले. "खांब काय त्याचं पाणी पेते?" मी पुन्हा सांगितलं. त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला आणि म्हणाले, आधी खोक्यातलं फुलव, मग खांबावर चढ. काका हजर नव्हता हे नशीब.

दिवाळीच्या पाडव्याला काका फराळाला आला आणि त्याने साक्ष काढली. बाबा, आई, मी, सगळे ओसरीवर होतो. खिडकीतून कलांचो दिसत होतं, हिरवं आणि धडधाकट. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. आई पुढे सरकली आणि म्हणू लागली, "ते माह्यामुळं..."

मी तिला बोलू दिलं नाही. बोली मी लावून घेतली होती. दिवा दाखवणं हा गुन्हा असल्यासारखा माझ्या आईने तो काकासमोर कबूल करावा, हे मला चालणार नव्हतं. त्यापेक्षा सहा वाफे गेलेले बरे.

"नाई फुललं, बाबा. बोली मी हरली."

काकाने चिवड्याची मूठ तोंडात टाकली. "प्लास्टिकचं लावून दे ना व. बजारात लय येऊन राह्यले. पाणीही नाई लागत."

"झाकणं मी बंद नाई करत," मी म्हटलं.

बाबांना खरंच आश्चर्य वाटलं. "आता कायले? वाफे तं गेले."

"वाफ्यासाठी नाई. ते फुलते म्हणून."

 आईने काकाच्या ताटलीत आणखी एक करंजी ठेवली, जरा आपटूनच.

दोन दिवसांनी बाबा सांबार टाकायला निघाले तेव्हा मी त्यांच्याबरोबर गेले. त्यांनी नको म्हटलं होतं. पेरण्याआधी धणे रगडून त्यांची दोन दलं करावी लागतात. आमच्याकडे ते पोत्यावर पसरून चपलेने रगडतात. मी रगडले. साही वाफ्यांत मी माझ्या हाताने सांबार टाकला आणि पाणी वळवलं. हरले तर हरले, पण त्या वाफ्यांकडे पाठ करून घरात बसलेली मुलगी मला व्हायचं नव्हतं.

मार्गशीर्षात एका संध्याकाळी पाच वाजता आई पणती घेऊन खिडकीशी गेली आणि तिथूनच तिने मला हाक मारली.

"याच्या शेंड्यात काईतरी राळ्याच्या दाण्याएवढं आलं. पाय बरं."

मी भिंग आणलं. शेंड्याच्या पानांच्या बेचक्यात हिरवट कण दिसत होते, एकमेकांना चिकटून. मी किती वेळ पाहत होते कोण जाणे. मग भिंग आईच्या हातात दिलं. तिने आधी ते उलटं धरलं, मग डोळ्यापासून लांब, मग मी तिचा हात धरून बरोबर अंतरावर आणला. ती श्वास रोखून पाहत राहिली.

"कळ्या होय," ती म्हणाली. काही वेळाने पुन्हा म्हणाली, "कळ्याच होय." आणि भिंग खाली न घेता दुसऱ्या हाताने तिने पणती मागे सरकवली, कळ्यांना धग लागू नये म्हणून.

कळ्या आल्या की झाकायची गरज उरत नाही. मी खोका माळ्यावर टाकला. आईने पाचचा दिवा चालूच ठेवला.

संक्रांतीच्या आधी कलांचो फुललं. गच्च शेंदरी. एकेक फूल चार पाकळ्यांचं, नखाएवढं, पण इतकी दाटीवाटीने की खालची पानं दिसेनात. घरात, खिडकीत, बाबांनी सांगितलं होतं तसं. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बाया आल्या आणि वाण घ्यायच्या आधी खिडकीशी गेल्या. डालं टाकलं का विचारणाऱ्याही त्यांत होत्या. मी आत तिळाच्या वड्या ताटात काढत होते, आणि बाहेरून आईचा आवाज ऐकू येत होता. ती सांगत होती की याची रात्र मोडू द्यायची नाही, चौदा तास म्हणजे चौदा तास, आधी दिवा दाखवायचा आणि मग झाकायचं. एकीने विचारलं, दिवा दाखवणं कशासाठी. आई म्हणाली, ते माह्याकडून हाय, बाकीचं पोरीकडून. त्या दिवशी चौघींनी फांदी मागितली. आईने कोणालाच दिली नाही, फुलं जाऊ द्या म्हणाली.

बाबा आठ दिवस त्या खिडकीवरून येत-जात होते आणि वाफ्यांचं नाव काढत नव्हते. मीही काढलं नाही. दिवाळीची मुदत कधीच टळून गेली होती. मागायला माझ्याकडे काही नव्हतं आणि मला मागायचंही नव्हतं.

एका सकाळी मी चहा घेऊन गेले तर ते खिडकीशी उभे होते. वांग्याची कोवळीक ज्या बोटाने बघतात, त्याच बोटाने त्यांनी एक फूल हळूच दाबून पाहिलं. मग माझ्याकडे न पाहता विचारलं, "त्या खांबाचं काय म्हणे तू?"

मी पहिल्यापासून सांगितलं. या वेळी आईला सांगितलं होतं तसं, कोंबड्यासकट. बाबांनी चहा बशीत ओतला, पण प्यायला नाही. दोन वर्षांचं बियाणं, खत, ती बाहुली, सगळं त्यांच्या डोळ्यांसमोरून जात असावं. मग ते म्हणाले, "सांबार निघाला. वाफे खाली हाय. घे."

या वाक्यासाठी मी आषाढापासून झुरले होते. आणि ते ऐकल्यावर मला कळलं की मला ते नको आहे.

"नाई घेत, बाबा."

"काऊन?"

"बोली दिवाळीची होती. मी हरली."

"मी आता देऊन राह्यलो ना."

"मले ते वाफेच नाई पाह्यजे. सांबाराले पाणी देताना पाह्यलं, तिथं पाणी धरून राह्यते. काळ्या मातीत याच्या मुळ्या सडते. तुमची चांगली माती कायले नासवू? विहिरीमागची मुरमाची पट्टी द्या."

"तिथं तं गवतही येत नाई."

"म्हणूनच. अन् बोलीबिली लावू नका आता. हे फुललं म्हणून मागत नाई. नसतं फुललं तरी मागितलं असतं. मी या घरची हाय म्हणून मागून राह्यली."

मी न थांबता पुरं बोलले. ज्या माणसाने मला सायकलवर फाट्यापर्यंत नेलं, त्याच्याशी असं बोलणं सोपं नव्हतं. तरीही मला वाटतं, त्याने मला नेलं ते मी एक दिवस असं बोलावं म्हणूनच. त्याला ते ठाऊक नसेल कदाचित.

बाबांनी गार झालेला चहा एका घोटात संपवला. "तुह्या काकाले पुसा लागन," ते म्हणाले. "तो बांध दोघाईचा हाय."

काकाने हो म्हटलं. एका अटीवर, पहिली फुललेली कुंडी त्याच्या दारात ठेवायची, आणि त्यावर डालं तो स्वतः झाकणार.

मुरमाच्या पट्टीवर आता हिरव्या जाळीखाली तेलाच्या कापलेल्या डब्यांत कलांचोच्या फांद्या रांगेने लावल्या आहेत. पहिल्या खेपेच्या निम्म्या सडल्या, कारण पाणी देण्याचा आमच्या घराचा हात भाजीवाल्याचा आहे आणि तो माझाही आहे. दुसऱ्या खेपेच्या जगल्या. गावात मी अजूनही शिकून घरी बसलेलीच आहे. मी आता दुरुस्त करत नाही. पट्टीवर काम असतं.

खांबाचं मात्र मिटलेलं नाही. यंदा पेरणीच्या आधी बाबा ग्रामपंचायतीत गेले. दिव्याला शेताच्या बाजूने पत्र्याचा आडोसा लावा, नाही तर श्रावण-भादव्यापुरता तो लवकर बंद करा, असं त्यांनी सांगितलं. का म्हणून विचारलं तर म्हणाले, सोयाबीनले रात्र लागते. तिथे बसलेले सगळे हसले. एकाने विचारलं, त्याले गोधडीही लागते का. दुसऱ्याने विचारलं, हे कोणी सांगितलं. बाबा म्हणाले, माह्या पोरीनं.

घरी आले तेव्हा त्यांचे कान लाल झाले होते. चप्पल काढायच्या आधीच त्यांनी हे सगळं आईला सांगितलं, मग मला, मग काकाला बोलावून पुन्हा. तो राग माझ्या ओळखीचा होता. मागच्या भादव्यात तो माझ्याकडे होता.

"तुम्ही काय म्हणलं मंग?" मी विचारलं.

"म्हणलं, घरी येऊन पाहा. खिडकीत हाय."

अजून कोणी आलेलं नाही. पंचायतीत बाबा दोनदा जाऊन आले आहेत, आणि पुन्हा जाणार आहेत. खिडकीतली फुलं उन्हाळ्यातच झडली, म्हणून माळ्यावरचा खोका मी खाली काढला आहे, छत्रीचं कापड एका कोपऱ्यात सुटलं होतं ते पुन्हा डकवलं. नागपंचमीला ठेवायचा आहे. आईने पणती घासून ठेवली.